धक्क्यावरची पाचची वेळ

ईशान आणि मीरा,

मागच्या रविवारी फोनवर मीराने विचारलं, "आजी, तू ऑफिसमध्ये करायचीस तरी काय?" मी म्हटलं, "सणांना परवानगी द्यायचे." त्यावर ईशान मोठ्याने हसला. "सणाला कसली परवानगी? तो तर आपोआप येतो!"

त्याचं चूक नाही. सण आपोआप येतो, पण तो रस्त्यावरून येतो, आणि रस्ता सगळ्यांचा असतो. यामधली जी काही खटपट, ती मी एकतीस वर्षं केली.

त्याच आठवड्यात भोरमधल्या आमच्या वाचनालयाची मंडळी घरी आली. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून द्या म्हणाली. मी म्हटलं, देते, पण नातवंडांना उद्देशून लिहीन आणि तुम्ही ते काटछाट न करता छापा. तुम्हाला मी हे ईमेलनेही पाठवू शकले असते. छापूनच का यायला हवं होतं, ते वाचता वाचता कळेल.

शहराचं नाव लिहीत नाही. समुद्रकाठचं मोठं शहर, एवढं पुरे. मी भोरची, इंग्रजी घेऊन पुण्याला बी.ए. केलेली. मोठमोठी इंग्रजी पुस्तकं वाचली आणि जन्मभर मराठी अर्ज तपासले. वॉर्ड ऑफिसात माझं टेबल जिन्याखाली होतं. वर पाटी होती, "सण, उत्सव व मिरवणूक परवानगी." त्या टेबलासमोर वर्षभर जो मेळा भरायचा तसा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. गणपती आणि दहीहंडीची मंडळं यायची. मोहरमच्या ताजियावाल्यांची कमिटी, दर्ग्याच्या संदलवाले, चर्चच्या सणाची समिती, जयंतीची मंडळं यायची. दुर्गापूजेचे बंगाली प्राध्यापक तर अर्जाला अकरा पानांची प्रस्तावना जोडायचे. छठपूजेच्या बायकांना दोन वेळा हव्या असायच्या, एक मावळतीची आणि एक उगवतीची. मी विचारलं, "दोन्ही कशाला?" तर त्यातली एक म्हणाली, "मॅडम, सूर्य दोनदा येतो, आम्ही काय करणार?"

काम तसं सोपं होतं. अर्ज घ्यायचा, मिरवणुकीचा मार्ग नकाशावर आखायचा, पोलिसांचं पत्र जोडायचं. मांडव घातला तर रुग्णवाहिका जाईल इतका रस्ता उरतो का, हे जागेवर जाऊन टेपने मोजायचं. एक लांब बांबूची काठी होती, तिच्यावर फुटाच्या खुणा रंगवलेल्या. ती घेऊन वायरमनबरोबर गल्लोगल्ली हिंडायचं आणि विजेच्या तारा किती उंचीवर आहेत ते बघायचं. ताजियासाठी तीच काठी, गणपतीसाठी तीच, चर्चच्या क्रूसासाठीही तीच. वायरमन म्हणायचा, "मॅडम, ह्या काठीइतकी निधर्मी वस्तू अख्ख्या देशात नसेल."

ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे अर्ज मी स्वतः भरून द्यायचे. बाकीचे कारकून त्यांना बाहेरच्या अर्जनविसाकडे पिटाळायचे. मी समोर बसवून, विचारून, स्वच्छ अक्षरात लिहायचे आणि अंगठा घ्यायचे. याचा मला अभिमान होता. तोही या हकिकतीत आहे.

आणखी एका गोष्टीचा अभिमान होता, माझ्या तक्त्याचा. माझ्या आधीच्या कारकुनाने नुसत्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. मी मोठ्या कागदावर चौकटी आखल्या. आडव्या ओळीत तास, उभ्या ओळीत जागा. कोण, कुठे, किती वाजता, एका नजरेत दिसायला हवं. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला पंचांग दिलं तर ही त्याच्यातही समास आखेल."

आमच्या भागात समुद्राचा एक फाटा आत शिरला होता, त्याला सगळे खाडी म्हणत. खाडीवर दगडी पायऱ्यांचा जुना धक्का होता. शेजारी कोळीवाडा, त्यात अर्धी घरं ख्रिस्ती. मोठमोठे गणपती ट्रकवरून चौपाटीला जायचे. ज्यांची मूर्ती लहान, खांद्यावरून नेण्यासारखी, ती मंडळं धक्क्यावर यायची.

चर्चच्या समितीत फिलोमिना म्हणून एक कोळीण होती. साठीची, स्वतःच्या दोन होड्या असलेली. दर वर्षी सप्टेंबरात मरियेच्या सणाला त्यांची मिरवणूक धक्क्यावर येई आणि फादर होड्यांना आशीर्वाद देत. सणाची तारीख ठरलेली, पण फिलोमिना दर वर्षी वेळ बदलून मागायची. एका वर्षी सकाळी नऊ, पुढच्या वर्षी दुपारी तीन, त्याच्या पुढच्या वर्षी संध्याकाळी साडेसहा. मला याचा राग यायचा. गणपतीवाल्यांची तारीख दर वर्षी हलते, तरी त्यांची वेळ तीच असते. हिची तारीख पक्की आणि वेळ मात्र फिरती! मी एकदा बोलूनही दाखवलं, "तुमच्यात शिस्त म्हणून नाही." ती म्हणाली, "मॅडम, शिस्त आहे. माझी नाही, पाण्याची." मी ते हसण्यावारी नेलं. तिची बोली मला नीट लिहिता येत नाही, म्हणून तिचं बोलणं साध्या मराठीत देते आहे.

आता धोंडिबांबद्दल.

धोंडिबा मूळचे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याचे. शहरात गोदीवर हमाली करायचे. त्यांच्या चाळीत वेल्ह्याकडची तीस-पस्तीस घरं होती आणि त्यांचा एक लहानसा शाडूचा गणपती असायचा. धोंडिबा मंडळाचे अध्यक्ष. मी भोरची हे कळल्यापासून ते मला परक्यासारखं 'मॅडम' न म्हणता 'बाई' म्हणायचे. अर्ज द्यायला आले की आधी पाऊस किती झाला, भात कसं आहे, हे सांगायचे आणि मग टोपी काढून बसायचे.

त्यांचा गणपती दर वर्षी गौरींबरोबर जायचा, धक्क्यावर, संध्याकाळी पाच वाजता. एका वर्षी ते आले आणि म्हणाले, "बाई, औंदा आमी चतुर्दशीला इसर्जन करनार. गावचं ढोलपथक येतंय पहिल्यांदाच. पर ते म्हनत्यात, गौरी घरच्या झाल्याबिगर आमी गाव सोडनार न्हाई."

मी तक्ता उघडला. चतुर्दशीला धक्क्याच्या रकान्यात रात्री आठच्या आधी एकही मंडळ नव्हतं. सगळ्यांची गर्दी आठनंतर. दुपारपासूनचे सगळे तास कोरे. आधीच्या कारकुनाच्या चिठ्ठ्यांतही तसंच होतं. मला वाटलं, काय ही वाया घालवलेली जागा! सवयीने सगळे रात्रीच येतात आणि मग चेंगराचेंगरी करतात.

मी म्हटलं, "धोंडिबा, तुमची नेहमीची पाचची वेळच ठेवू या. धक्का मोकळा आहे. आरामात या, आरामात जा."

धोंडिबांनी जरा विचार केला. "पानी असंल न्हवं, बाई?"

मी हसले. "अहो, समुद्राला पाणी नसेल तर कुठे असेल?"

तेही हसले. आम्ही दोघं नदीकाठची माणसं. भोरची नीरा काय, गुंजवण्याची नदी काय, उन्हाळ्यात आटते, पावसात भरते, पण सकाळी भरून संध्याकाळी निघून गेलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. मी नेहमीसारखा त्यांचा अर्ज भरला. त्यात एक रकाना असतो, "मागणी केलेली वेळ." तिथे मी माझ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, सायंकाळी पाच. त्यांनी अंगठा लावला.

चतुर्दशीच्या दिवशी मी ऑफिसातच होते. सव्वापाचला बंदोबस्तावरच्या इन्स्पेक्टरांचा फोन आला. "मॅडम, धक्क्यावर या. फाइल घेऊन या."

मी चालतच गेले. ढोल लांबूनच ऐकू येत होता, पण वाजत नव्हता तर नुसता मधूनमधून ठोका पडत होता, घोडा पाय आपटतो तसा. पुढे गेले आणि धक्क्याच्या पायऱ्या दिसल्या. शेवटच्या पायरीपुढे पाणी नव्हतं. काळाकुळकुळीत चिखल होता, शंभर पावलं तरी लांब, आणि त्याच्यापलीकडे पाण्याची एक बारीक रेघ. कोळ्यांच्या होड्या चिखलात कुशीवर कलंडून पडल्या होत्या.

पायऱ्यांवर चाळीतली माणसं, बायका, गावाकडचं पथक. चार जणांच्या खांद्यावर पाट आणि पाटावर गणपती. आणि चिखलात मांडीपर्यंत रुतलेले धोंडिबा. मूर्ती घेऊन जाता येतं का, हे बघायला ते एकटेच उतरले होते. दोन कोळी चिखलावर फळी टाकून, तिच्यावर पालथे पडून त्यांना ओढत होते. एक पाय निघाला की दुसरा आत जायचा. त्या चिखलाने माणसं घेतलेली आहेत, हे मला नंतर समजलं.

ते वर आले तेव्हा पांढऱ्या धोतराचा रंग उरला नव्हता. ते पायरीवर बसले आणि धापा टाकत राहिले.

त्यांच्या मंडळातला बबन, तिशीचा, गोदीतच कामाला असलेला, सगळ्यांदेखत ओरडला, "पाचचा टाईम कुनी आनला? सांगा की! पथकाम्होरं इज्जत गेली आमची!"

"आरं, बाईंनी..." धोंडिबा म्हणाले आणि थांबले, कारण मी समोर होते.

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, ऐन ओहोटीची ही पाचची वेळ कुणी ठरवली?"

मुलांनो, त्या क्षणी माझ्या हातात फाइल होती. तोंड उघडून 'मी' एवढंच म्हणायचं होतं. मी फाइल उघडली आणि वाचलं, "मागणी केलेली वेळ, सायंकाळी पाच."

खोटं एक अक्षर नव्हतं. कागदावर तसंच होतं आणि खाली अंगठा होता.

धोंडिबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कागदाकडे बघावं तसं पाहिलं. मग म्हणाले, "लिवलंय तर असंल."

बबन म्हणाला, "ऐका! स्वताच मागून घेतला टाईम! कोळ्यांना इचारायचं तरी सुचावं न्हवं!"

एवढ्यावर भागलं नाही. पुढचा प्रश्न उभाच होता. पाणी यायला तीन तास होते आणि त्यांच्या गावची रीत अशी, की एकदा घरातून उचललेला देव पाण्यात जाईपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. म्हणजे तीन तास खांद्यावर. माणसं दुपारपासून उपाशी, पथक नाचून दमलेलं. चौपाटीला जावं तर वाटेत मोठ्या मंडळांचे ट्रक अडकलेले. त्यात त्या वर्षी मरियेचा सण त्याच दिवशी आलेला आणि साडेसहाला चर्चची मिरवणूक त्याच धक्क्यावर येणार. आठनंतर गणपतींची गर्दी, म्हणून फिलोमिनाने त्या वर्षी पाण्याआधीचीच वेळ मागितली होती, आणि धोंडिबांच्या अर्जानंतर ती मीच तक्त्यात लिहिली होती.

एवढ्यात फिलोमिना आली. कमरेवर हात ठेवून तिने आधी चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, आज तिथी कुठली?"

"चतुर्दशी."

"म्हणजे चौदावी. चौदाची पाऊणपट करा."

"साडेदहा."

"साडेदहाला पूर्ण भरती. सकाळी आणि रात्री. त्याच्या सहा तास आधी खडखडाट. गौरींच्या दिवशी आठवी तिथी असते, आठाची पाऊणपट सहा. म्हणून यांना पाचला पाणी मिळायचं." तिने माझ्या हातातल्या तक्त्यावर बोट आपटलं. "ह्याच्यात सगळं आहे. चंद्र नाही."

आणि मला एकदम लख्ख दिसलं. चंद्रावर सण ठरतात आणि चंद्रावरच पाणी ठरतं. म्हणून गणपतीची तारीख कितीही हलली तरी धक्क्यावरचा तास तोच राहायचा. मरियेचा सण तारखेवर चालतो, म्हणून फिलोमिनाला दर वर्षी नवा तास शोधावा लागायचा. चतुर्दशीचे ते कोरे तास आळसाने कोरे नव्हते. माझ्या आधीच्या कारकुनाला माहीत होतं, नाहीतर त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. दिवस बदलला आणि मी तास तोच ठेवला.

हे मला कळलं आणि मी गप्प राहिले. तेव्हासुद्धा गप्प राहिले.

फिलोमिना धोंडिबांकडे गेली. "बाबा, देव जमिनीला टेकवायचा नाही, असंच ना?"

"व्हय."

"होडी जमीन आहे का?"

धोंडिबांनी मान वर केली. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. पथकातला एक जण म्हणाला, "होडी लाकडाची. पाटबी लाकडाचाच." दुसरा म्हणाला, "पर होडी चिखलावर हाय, चिखल म्हंजी जिमीनच की." तिसरा म्हणाला, "आरं, चिखल जिमीन आसती तर म्हातारबा मांडीपातुर गेलं असतं का?" त्यावर एक बाई खुदकन हसली आणि मग सगळेच हसले. बबनसुद्धा.

धोंडिबा म्हणाले, "आमच्या गावाला देव सोडायचा एक डोह हुता. तो धरनाच्या पान्याखाली गेला. पान्यात पानी बुडालं, बाई. तवापास्नं आमी ह्यो हितला धक्का धरला." हे ते फिलोमिनाला सांगत होते, मला नाही. "ठेवा होडीत. पानी हितंच यील म्हनता न्हवं?"

"माझ्या बापाच्या वेळीही रोज येत होतं," फिलोमिना म्हणाली.

पायरीला लागून तिची धाकटी होडी होती. कोळ्यांनी ती आधी आडव्या फळ्या लावून सरळ केली. मग पाट हातोहात खाली गेला आणि होडीच्या बाकावर बसला. चार खांदे मोकळे झाले. कोळीवाड्यातून चहा आला.

साडेसहाला चर्चची मिरवणूक आली. पुढे बँड, मागे फुलांनी सजवलेली मरियेची मूर्ती, मेणबत्त्या घेतलेल्या बायका. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. फादर पायऱ्यांवरूनच एकेका होडीवर पवित्र पाणी शिंपडत आले आणि फिलोमिनाच्या होडीपाशी थबकले. समितीचा सेक्रेटरी घाईघाईने म्हणाला, "फादर, ही सोडा." इकडे बबनही पुढे सरसावला, "आमच्या बाप्पावर पानी मारू नगा."

फिलोमिना मध्ये उभी राहिली. "होडी माझी आहे. समुद्रावर मी जाते, सेक्रेटरी जात नाही. माझ्या होडीला आशीर्वाद पाहिजे. आत कोण बसलंय ते त्यांचं ते बघून घेतील."

फादरनी गणपतीकडे पाहिलं, बबनकडे पाहिलं आणि होडीच्या टोकावर, अगदी टोकावर, चार थेंब टाकले. बबनने ते थेंब कुठवर उडाले ते वाकून बघितलं. मग म्हणाला, "चालंल."

आठच्या सुमारास होडी हलली. आधी नुसती कुरकुरली. मग तिच्याखाली चकाकणारं पाणी दिसलं आणि ती हळूच उचलली गेली. देवाला पाण्याकडे न्यावं लागलं नाही, पाणीच आलं. ढोल असा काही उठला की कोळीवाड्यातली कुत्री भुंकायला लागली. धोंडिबा आणि दोघं तिघं होडीत बसले, कोळ्यांनी ती वीस-पंचवीस हात आत नेली आणि धोंडिबांनी स्वतःच्या हातांनी मूर्ती सोडली.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला, "विसर्जन शांततेत पार पडले." हेही खरंच होतं. माझ्या लक्षात आलं आहे, की ज्यांना स्वच्छ लिहिता येतं त्यांना खोटं बोलावं लागत नाही. खऱ्यातलं कुठलं वाक्य लिहायचं एवढंच ते निवडतात.

पुढच्या वर्षापासून मी तक्त्यात तिथीचा आणि भरतीचा, असे दोन रकाने वाढवले. सगळ्यांनी कौतुक केलं. साहेबांनी ती पद्धत इतर वॉर्डांनाही कळवली. रकाने कशामुळे वाढले, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या वर्षी चाळीचा अर्ज घेऊन बबन आला. मी विचारलं, "धोंडिबा कुठे?"

"त्यांना घरी बसवलं," तो म्हणाला. "टाईम मागून घेतला आन् सगळ्यांना चिखलात उभं केलं. पथकानं गावात जाऊन सांगितलं. लई हसली लोकं. चिखल्या अध्यक्ष म्हनत्यात त्यांना."

मी त्याचा अर्ज तपासला. पुन्हा चतुर्दशीच होती, रात्री साडेआठची वेळ दिली. भरतीची वेळ समजावून सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, तुमी हाय म्हनून बरं हाय." मी शिक्का मारला.

त्याच्या पुढच्या वर्षी धोंडिबा गोदी सोडून गावी गेल्याचं कळलं. मग मीही निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात माझा तक्ता फ्रेम करून मला भेट दिला आणि भाषणात एक जण म्हणाला, "मॅडमनी दिलेली वेळ कधी चुकली नाही." टाळ्या वाजल्या. मी हसून नमस्कार केला. ती फ्रेम तुम्ही भोरच्या घरात कधी पाहिली नाहीत, कारण ती मी कपाटावर पालथी ठेवली आहे.

भोरहून गुंजवणं किती लांब? नसरापूरला गाडी बदलायची, की दीड-दोन तासांत माणूस पोचतो. मला दहा वर्षं लागली. दर गणपतीला वाटायचं, जाऊ, आणि दर वर्षी काही ना काही नीटनेटकं कारण सापडायचं. या वर्षी आजोबांच्या पश्चात घरातले कागद लावताना माझ्या जुन्या डायऱ्या निघाल्या. त्यात त्या दिवसाच्या पानावर फक्त तीन शब्द होते, "धक्का. पाच. मी." त्या रात्री घरी येऊन मी ते लिहिलं असणार. म्हणजे लिहिता येत होतं. बोलता येत नव्हतं.

या भाद्रपदात, गौरी बसायच्या आदल्या दिवशी, मी एसटीत बसले.

धोंडिबा पडवीत घोंगडीवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी येतं, पण त्यांनी मला ओळखलं. "भोरच्या बाई!" सुनेला म्हणाले, "च्या टाक गं, साखर बेतानं घाल, हाफिसातल्या बाई हायत्या." मग पाऊस किती झाला ते सांगितलं. भात कसं आहे ते सांगितलं. मी मध्येच म्हटलं, "धोंडिबा, पाचची वेळ तुम्ही मागितली नव्हती. मी दिली होती. तुम्ही पाणी असेल ना म्हणून विचारलंतही. मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले नाही. माझं चुकलं."

त्यांनी हात कानामागे नेला होता, तो खाली घेतला.

"मला कशापायी सांगताय?" ते म्हणाले. "म्या हुतो की तितं. मला म्हाईत हाय. त्यास्नी सांगा."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं, माया नाही आणि राग नाही. पत्ता चुकलेल्या माणसाला वाट दाखवावी तसं ते बोलले.

चाळीतली निम्मी माणसं आता गावी परतली आहेत, उरलेली गणपतीला येतात. संध्याकाळी देवळात आरतीला सगळे जमले होते. बबनचे केस पिकले आहेत. धोंडिबांना त्यांच्या सुनेने हाताला धरून आणलं आणि खांबाशी बसवलं. आरती सुरू होणार तेवढ्यात मी पुढे गेले. मी एवढी वर्षं मंडळांना सूचना वाचून दाखवल्या आहेत, पण हातात कागद धरून. त्या दिवशी कागद नेला नव्हता. मी सगळं सांगितलं. वेळ मी दिली. रकाना मी भरला. धक्क्यावर तो वाचून दाखवला तोही मीच. धोंडिबांनी काहीही मागितलं नव्हतं.

बबन खाली बघत होता. मग बायकांमधून त्याची बायको हिराबाई म्हणाली, "आन् बाई, ह्ये सांगाया तुमाला एवढी वर्सं लागली?"

"होय," मी म्हटलं.

"आमी त्यास्नी काय काय बोललो वो. लेकरंबी चिखल्या म्हनायची त्यास्नी."

हे छापायला देते आहे ते याचसाठी. देवळात त्या दिवशी जे नव्हते, शहरात जे राहिले, त्यांच्या हातात हा अंक पडला तर त्यांनाही कळावं. भोर-वेल्ह्यात हा अंक घरोघर जातो, आणि तिथून शहरातल्या नातेवाइकांकडेही.

खांबाशी बसलेल्या धोंडिबांना काही ऐकू आलं नव्हतं. ते सुनेला विचारत होते, "काय म्हनती ती? आरती का थांबली?"

बबन उठला. त्यांच्यापाशी जाऊन उकिडवा बसला आणि कानाशी तोंड नेऊन, सगळ्या देवळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "बाबा, तुमचं चुकलं न्हवतं! आमचं चुकलं!"

धोंडिबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग गणपतीकडे. डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा नीट घातली.

"बरं," ते म्हणाले. "मला उठवा. उभं ऱ्हाऊन म्हनतो आरती."

बबनने एका बाजूने धरलं. दुसरी बाजू मोकळी होती, ती मी धरली. त्यांनी हात काढून घेतला नाही.

तुमची,
आजी